तिहेरी कापडाचे बूट

शुक्रवार, १३ डिसेंबर १९६३. मिरकाब.

जुम्म्याच्या नमाजानंतर बू यूसुफ दुकानी आला. दुकान म्हणजे काय, दोन भिंतींमधली बोळकांडी आणि वर मीच शिवलेलं छप्पर. त्याच्या बापाच्या गलबतांची शिडं मी नऊ वर्षं शिवली. गलबतांना इंजिनं बसली, शिडं गेली. मग तंबू शिवायला लागलो, तर आता तंबूही बाहेरून तयार येतात. या हिवाळ्यात एका तंबूची उसवलेली बाजू टाका घालून धरून दिली, तेवढंच काय ते काम. बाकी वेळ सुईला गंज चढू नये म्हणून तेल लावत बसतो.

बू यूसुफ इथला अरब, पण मुंबईला राहिलेला, त्यामुळे आमच्याशी हिंदीत बोलतो. म्हणाला, "कासम, तू समंदर के वास्ते सीता था, अब मेरे पाँव के वास्ते सी." हा माणूस दर हिवाळ्यात ससाणा घेऊन पश्चिमेच्या वाळवंटी रानात हुबारा पक्ष्याच्या शिकारीला जातो. गेल्या वर्षी पाय इतके गारठले की तिसऱ्या दिवशी परत आला, आणि सोबतच्यांनी वर्षभर त्याची टिंगल केली. विलायती बूट घेऊन पाहिले, ते त्याला लोखंडासारखे थंड लागले. माझे बूट पटले तर तो आणि त्याचे शिकारीचे सोबती मिळून तीस जोड घेणार, आणि मग दर हिवाळ्याला.

नाही पटले तर काय, ते तो बोलला नाही. ते मला ठाऊक आहे. ईद झाली की दुकानाला कुलूप, बोटीचं तिकीट आणि परत गावी, बाणकोट.

मी हो म्हणालो. तिशीपर्यंत ज्याने पायात मोजा घातला नाही तो माणूस थंडीचे बूट शिवणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असावं.

बुधवार, १८ डिसेंबर.

चार दिवस नुसता विचार केला. आमच्या गावी पायाचा वैरी एकच, पाणी. ते बाहेर ठेवलं की पाय सुखी. तेव्हा थंडी आत शिरते तीसुद्धा ओलाव्याबरोबरच शिरत असणार. शिडाचं जाड कापड तिहेरी घेतलं. आत बकरीची लोकर. बाहेरून मेण, राळ आणि एरंडेल कढवून तीन हात दिले. शिवण दुहेरी, मेणवलेल्या दोऱ्याची. वर पोटरीपर्यंत नाडी, आवळून बांधायची, म्हणजे वाऱ्याला वाटच नको.

खोलीत राळेचा वास भरला तशी गफूरने कुरकुर सुरू केली. गफूर माझ्या बायकोचा, झुलेखाचा, धाकटा भाऊ. बू यूसुफची गाडी चालवतो. सहा वर्षं आम्ही दोघं एका खोलीत राहतो. "भाय, बूट शिवतांव का होडी?" म्हणाला. मी म्हटलं, होडीच समज, तुझ्या शेठला रानात बुडू देणार नाही.

त्याने बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हे नाय जमलं तर खरंच जानार तुमी?" मी म्हटलं, मग इथे काय माश्या मारू? तो चुलीकडे वळला. भात तेवढा करपवला.

मंगळवार, २४ डिसेंबर.

पहिला बूट पुरा झाला. परीक्षा घेतली. काठोकाठ पाणी भरून खुंटीला टांगला. सकाळपासून मगरिबपर्यंत, दिवस मावळेतो, खाली एक थेंब नाही. शेजारचा इराणी पाववाला मुद्दाम बघायला आला आणि मान डोलवून गेला. बरेच दिवसांनी अंगावर मूठभर मांस चढलं.

शनिवार, २८ डिसेंबर.

झुलेखाचं पत्र. लिहिणारी आमची लेक आमिनाच, अक्षर ओळखलं. पोरीचं अक्षर सुधारलंय. झुलेखा म्हणते, सुई आणि डोळे दोन्ही झिजले असतील, आता घरी या. गफूरकडे लक्ष द्या, तो लहानपणापासून दुखणं अंगावर काढतो. पन्नाशीकडे झुकलेल्या बापयाला ती अजून लहान समजते.

घरी जायचं नाही असं नाही. पण हरून जायचं नाही. तिथे जाऊन सांगायचं काय, की माझ्या हातच्या वस्तूची आता दुनियेत कुणाला गरज नाही? एवढं लिहितानासुद्धा थकवा येतो.

बू यूसुफने दोन जोड सांगितले, एक स्वतःचा, एक गफूरच्या मापाचा. म्हणाला, पहिल्यांदा ड्रायव्हर घालेल, चार दिवस. त्याला गरम वाटले तर मी घालीन. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवी दोरी आपण आधी खाली बांधून पाहतो, मग डोलकाठीवर चढवतो.

मलाही बरोबर यायला सांगितलं आहे. तंबू उभारायचे, चहा-भात बघायचा आणि बुटांचं काही उसवलं तर धरायचं.

रविवार, ५ जानेवारी १९६४. रानात.

काल दुपारी पोचलो. सालमीच्या वाटेने किती तरी आत. झाड म्हणून नाही, गुडघ्याएवढी झुडपं. वारा उत्तरेचा. सकाळी पाण्याच्या डब्यावर काचेसारखा पापुद्रा धरला होता. बर्फ! मी बोटाने फोडून पाहिला. इथली माणसंही म्हणतात अशी थंडी पाहिली नाही.

मी आपल्या जुन्या चपला आणि गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळून चुलीपाशी बसतो, माझं बरं आहे. गफूरचं काम कठीण. पहाटे फजरच्या नमाजानंतर गाडी काढायची, मग वाळू भुसभुशीत लागली की उतरून ससाणेवाल्या मुतलकच्या मागे पळायचं, ससाण्याने पक्षी पाडला की शोधून आणायचा आणि मग उघड्या गाडीत तासन् तास हलायचं नाही, पक्षी बुजतात.

दहाला परतले. तीन हुबारा मिळाले, मोठ्या कोंबड्याएवढे, मातीच्या रंगाचे. मी पक्ष्यांकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. गफूर म्हणाला, "गरम? भट्टीत पाय घातलेत असं वाटतंय. घाम फुटला." बू यूसुफने ऐकलं. मला बोटीवर शीड भरल्यावर वाटायचं तसं वाटलं.

सोमवार, ६ जानेवारी.

मुतलक म्हातारा विचित्र. त्याच्याकडे बूट नाहीतच. लोकरीच्या पट्ट्या गुंडाळतो, वर उंटाच्या कातड्याची ढिली चप्पल. दुपारी पट्ट्या सोडतो, पाय उन्हात पसरतो, ओल्या पट्ट्या अंगरख्यात पोटाशी धरून वाळवतो आणि तिथे ठेवलेल्या वाळक्या पट्ट्या काढून पायाला बांधतो. पोटाला पायपुसणी बांधून हिंडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्याने गफूरच्या बुटाकडे बोट करून मला अरबीत काही तरी सांगितलं, दोन्ही हातांनी पिळून दाखवलं. बहुतेक म्हणत असावा, फार घट्ट आहेत. जळतो मेला. कारागिराला कारागीर कधी बरा म्हणत नाही.

दुपार कलल्यावर असरच्या नमाजाआधी गफूरने वजू करताना बूट काढले नाहीत, वरूनच ओला हात फिरवला. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाला, "मुसाफिराला तीन दिवस मोज्यावर मसह चालतो, भाय. मौलवी सांगत नव्हते?" मी म्हटलं, तो चामड्याच्या मोज्यांना, कापडाला नव्हे. तो म्हणाला, "तुमचं कापड चामड्याच्या वर हाय, पानी शिरत नाय." मनातून खूष झालो, हे इथे लिहून ठेवतो.

मंगळवार, ७ जानेवारी.

आज गफूरने शेठच्या शिव्या खाल्ल्या. गाडीचे गिअर करकरवले, दोनदा बंद पाडली आणि समोरचा पक्षी उडाला. वीस वर्षं गाडी चालवतोय आणि आज पाय नेमका क्लचवर पडत नाही म्हणे. मीही बोललो त्याला. माझ्या बुटांची परीक्षा चालू आहे आणि हा झोपेत गाडी चालवतो. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं.

चालतोही खुरडत. बसून बसून आखडलो म्हणतो. जेवला नाही नीट. झोपतानाही बूट पायात. मी विचारलं, काढत का नाहीस? "गरम हायत तर काढू कशाला?"

शेठने त्याला तिसऱ्यांदा विचारलं. त्याने तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

बुधवार, ८ जानेवारी.

काम झालं! बू यूसुफने आज चहा पिताना सगळ्यांसमोर सांगितलं, तीस जोड. शिवाय त्याच्या मापाचा शिवलेला जोड तो आपल्या म्हाताऱ्या बापाला देणार, ज्याची शिडं मी शिवली त्याला. त्याचे पाय घरातसुद्धा गार पडतात. ईदनंतर म्हातारा एकदा शेवटचा रान बघायला येणार आहे, माझे बूट घालून.

गफूर गाडीच्या इंजिनावर पाय टेकून बसला होता. त्याला सांगायला गेलो तर हसला. "मग आता जात नाय ना?" मी म्हटलं, आता कसला जातो! त्याने डोळे मिटले. दमलाय बिचारा. उद्या परत.

गुरुवार, ९ जानेवारी. मिरकाब.



दुपारी परतलो. पायऱ्या चढताना गफूर भिंतीला धरून चढला. खोलीत येऊन बसला आणि बूट काढायला वाकला तर निघेनात. मी नाड्या सोडल्या. तरी निघेनात. पाय आत सुजले होते. शेवटी सुरी घेतली आणि माझीच शिवण टाचेपासून कापत गेलो. दुहेरी, मेणवलेली. सुरी चालत नव्हती.

आतून पाणी आलं. खरंच पाणी, आणि वास. लोकर लगदा झालेली. पाय पांढरेफटक, धुणं धुणाऱ्या बाईच्या हातांसारखे सुरकुतलेले, आणि डाव्या पायाची दोन बोटं काळीनिळी. मी बोट लावलं. म्हटलं, दुखतंय? तो म्हणाला, "नाय. परवापासून दुखायचं थांबलं. त्याच्या आधी लई दुखलं."

टॅक्सीत घालून इस्पितळात नेला.

शुक्रवार, १० जानेवारी.

डॉक्टर मद्रासकडचा. त्याने विचारलं, कोरड्या रानात पाय चार दिवस पाण्यात कसे राहिले? मी म्हटलं, पाण्यात नव्हते, पाणी शिरणार नाही असे बूट होते. तो म्हणाला, पायाला घाम येतो, दिवसभरात पेलाभर. तो बाहेर गेला पाहिजे. पळताना भिजायचं, मग त्याच ओल्यात थंडीत बसायचं, वर आवळून बांधलेलं, म्हणजे रक्तही खाली उतरत नाही. लढाईत खंदकात उभ्या राहणाऱ्या शिपायांना असं व्हायचं म्हणे.

मुतलक हाताने पिळून दाखवत होता ते हेच. मी त्याला जळका म्हटलं होतं.

डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागणार. उजव्याला सगळ्या पुढच्या भागात जाण नाही. ईदपर्यंत जाण आली तर पाय वाचला, नाही तर अर्धं पाऊल कापायचं.

शनिवार, ११ जानेवारी.

बोटं काढली. शुद्धीवर आल्यावर मी त्याला विचारलं, तू बोलला का नाहीस? पहिल्याच दिवशी का नाही बोललास? रागाने विचारलं, आजारी माणसावर ओरडलो, सगळी खोली बघायला लागली.

तो म्हणाला, "बोललो असतो तर तुमचं शिवनं बंद. तुमी गावी जानार. मग त्या खोलीत मी एकटा काय करू?"

एवढंच. मला वाटलं होतं माझ्यावर उपकार म्हणून केलं असेल. तसं असतं तर सोपं होतं.

मंगळवार, १४ जानेवारी.

आज कळलं, बू यूसुफ इस्पितळात येऊन गेला. गफूरने त्याला सांगितलं, गाडी उचलायचा जॅक पायावर पडला. शेठचा विश्वास बसला. माझ्या दुकानात तीस जोडांचं कापड येऊन पडलं आहे, नवं, कडक, चांगल्या वाणाचं.

खरं लिहायचं तर दिवसभर त्या कापडाकडे बघत बसलो. भोकं ठेवली तर? नाडी ढिली केली तर? मुतलकसारख्या दोन दोन पट्ट्या दिल्या तर? जमेलही. पण जमेल म्हणूनच गफूरच्या पायात घातले होते. आता दुसऱ्या कुणाच्या पायात घालून बघू? डोक्याने होकार दिला तरी दाभण हातात धरवत नाही. आणि त्या म्हाताऱ्याला मी जोड देऊन बसलोय. त्याचे पाय आधीच गार. तोही विचारलं तर गरम आहेत म्हणेल, मुलाला त्रास नको म्हणून.

बुधवार, १५ जानेवारी.

उद्या पहिला रोजा. हे ओझं घेऊन रोजा धरायचा नव्हता. बू यूसुफच्या दिवाणखान्यात गेलो आणि त्याच्याकडून बापाला दिलेला जोड मागून घेतला. त्याच्यासमोर दोन्ही बूट टाचेपासून कापले. मग सगळं सांगितलं, वास आणि पाणी आणि बोटं.

तो म्हणाला, "ड्राइवर बोला जॅक गिरा. तू सच बोलता है या वो?"

मी म्हटलं, "वो अच्छा आदमी है. सच मैं बोलता हूँ."

त्याने माळ हातात घेतली. मग म्हणाला, तू बोलला नसतास तर कुणाला कळलं असतं? मी म्हटलं, तुमच्या वडिलांना कळलं असतं. त्याने मान खाली घातली. कापड उचलायला उद्या माणूस पाठवतो म्हणाला. पहिल्यांदा ड्रायव्हरच्या पायात घालायचे हे कुणी ठरवलं, ते ना तो बोलला, ना मी. मी तरी कुठल्या तोंडाने बोलू?

शुक्रवार, १७ जानेवारी.

मी शेठला खरं सांगून आलो, हे गफूरला कुणी तरी सांगितलं. मी इफ्तारीच्या आधी त्याच्यासाठी पेज घेऊन गेलो होतो. त्याने भांडं हाताने दूर केलं.

"मी दोन बोटं दिली, भाय. तुमी एका दुपारात सगलं उसवून टाकलंत."

मग तोंड फिरवलं.

बुधवार, २२ जानेवारी.

त्याला खोलीत आणला. इस्पितळात खाटा कमी आहेत. रोज पट्टी मी बदलायची आणि रोज काडीच्या टोकाने बोटं दाबून पाहायची, जाण आली का. डॉक्टरने शिकवलं. गफूर बोलत नाही. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बघतो. सहा वर्षं याच्या बडबडीला कंटाळलो होतो मी.

झुलेखाला सगळं लिहिलं. तुझ्या भावाचे पाय माझ्या सुईपायी गेले, असंच लिहिलं. आमिना ते वाचून दाखवणार, तेव्हा दोघी एकदमच ऐकतील.

सोमवार, २७ जानेवारी.

दुकान सोडलं. चावी मालकाला दिली, छप्पर काढून घेतलं. मीना अल-अहमदीला बंदरावर ताडपत्र्या दुरुस्त करणारा माणूस हवा आहे, तिथे नाव दिलं. सकाळची पट्टी झाली की बस, फिंतासवरून जाते, संध्याकाळी इफ्तारीला परत. घरी जायचं आता मनात आणत नाही. उजवा पाय तसाच. काडी दाबतो, तो छताकडे बघतो. मेलेल्या माशाला टोचावं तसं.

आज रोजात चक्कर आली. झोप नाही. कशाचाच उत्साह नाही, रागाचासुद्धा.

शुक्रवार, ३१ जानेवारी.

डॉक्टर म्हणाला, आशा ठेवू नका. गफूर ऐकत होता.

रविवार, २ फेब्रुवारी.

सकाळी पट्टी सोडली. रोजच्यासारखं करंगळीपासून सुरू केलं. करंगळी, काही नाही. दुसरं, काही नाही. मी खरं तर बसच्या विचारात होतो, काडी जरा जोरात लागली असावी.

"या अल्ला! हात मोडो तुमचा!"

मी वर पाहिलं. तो उठून बसला होता, डोळ्यांत पाणी. मी पुन्हा दाबलं, मुद्दाम. त्याने अशी शिवी दिली की ती रमजानात लिहीत नाही. तिसरी दिली, चौथी दिली. माझ्या बापाला, माझ्या सुईला, माझ्या राळेला, सगळ्यांना नावं ठेवली. मी तो पाय उराशी धरून पोरासारखा रडलो. त्याने सोडवून घ्यायला ओढला तर आणखी दुखला, आणखी ओरडला.

बस चुकली. जाऊ दे.

दमून तो पडला. बऱ्याच वेळाने भिंतीकडे बघत विचारलं, "जानार कवा?"

सोळा दिवसांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "तू आपल्या पायांनी चालत बंदरावर मना पोचवायला येशील तवा."

त्याने दुखरा पाय पांघरुणात ओढून घेतला.

"मग मी बेगीन चालनार नाय," म्हणाला.